घट

स्किप्टनच्या लिलावघरात, मागच्या खोलीत,
माझं काम एवढंच : वजन करायचं, शिक्के वाचायचे.
चालता सिंह म्हणजे चांदी खरी,
मुकुट म्हणजे शेफील्ड,
साल अक्षरावरून.

आज थ्वेटांची पेटी उघडली.
हिरव्या लोकरीत ज्याची त्याला खाच :
माशाच्या सुऱ्या, ज्यांना धार कधी नव्हतीच,
द्राक्षं कापायची कात्री,
हाडातली मज्जा काढायचा लांबट चमचा
(नळी तोंडाने ओढणं असभ्य,
म्हणून मज्जा करायलाही हत्यार).

सोबत एक वही. बटलर कोणी ऑब्री स्टॅनिफोर्थ.
पहिल्याच पानावर : चांदी स्वयंपाकघरात नेऊ नये.
मग रोज रात्री दहाची मोजणी.
मोठे चमचे बारा. पूर्ण.
मोठे चमचे बारा. पूर्ण.
सव्वीस वर्षं पूर्ण,
फक्त एका मार्चमध्ये अकरा,
आणि दुसऱ्या दिवशी :
राखेच्या बादलीत मिळाला. डोर्कसचे दोन शिलिंग कापले.

एकेक करून तराजूत ठेवले.
अकरा सख्खी भावंडं, गुंजभर इकडेतिकडे.
बाराव्यात पावणेचार ग्रॅम कमी.

दांड्यावरचं कुलचिन्ह शाबूत आहे.
पण कड पाहा :
उजव्या हाताने खरवडलं की चमचा डावीकडे झिजतो.
हा उजवीकडे झिजलाय,
तिरका, कापलेल्या नखासारखा.
आणि सूप पिऊन चांदी एवढी झिजत नाही.
ती झिजते पातेल्याच्या बुडाशी,
लागलेल्या दुधाशी भांडून,
रोज, दहा वाजायच्या आत परत खाचेत जाण्याआधी.

पावणेचार ग्रॅम मग गेले कुठे?
कस्टर्डात. सॉसमध्ये. जिन्याने वर,
झाकण घातलेल्या भांड्यांतून.
ज्यांची चांदी त्यांनीच खाल्ली,
आणि वहीत बारा ते बाराच.

शेवटची वारस लेटिस थ्वेट फोनवर म्हणाली,
वितळवायलाच द्या. घासत कोण बसणार?
मी भाव लिहिला.
घट वजा केली, नियमच आहे तसा.

बारावा मी डाव्या हातात धरून पाहिला.
अवघडल्यासारखं झालं, मी डावखुरी नाही.
तरी पावती माझ्या नावाने फाडली,
चांदीच्या भावाने,
आणि वर दहा पेन्स ठेवले.
दोन शिलिंगांचे हल्ली तेवढेच होतात.