नोव्हेंबर नावाची चव

ओंदिना वास्कोत्तो तंत्रज्ञानप्रमुख म्हणून रुजू झाली
तेव्हा त्रिएस्तेच्या धक्क्यावर, आमच्या गोदामात
कॉफीची अकरा हजार पोती होती
आणि तिच्याबद्दल तेवढ्याच अफवा.

मिलानच्या विक्रेत्याने पडद्यावर दाखवलं:
यंत्र दाणा बघतं, वास मोजतं, प्रत ठरवतं,
पापणी लवायच्या आत.
संचालक ग्रेगोरेत्ती पुढे झुकले. "कधी सुरू?"
ती म्हणाली, "आधी जुन्या वह्या दाखवा."

एकतीस वर्षांच्या वह्या, कडा उंदरांनी खाल्लेल्या.
शेऱ्याच्या रकान्यात लिव्हिओ पेर्तोतचं तिरकं अक्षर:
दमट. तळघर. काकूचं कपाट.
आणि पानोपानी एक शब्द, नोव्हेंबर.
मे महिन्यातल्या पोत्यांवरसुद्धा नोव्हेंबर.

तिसऱ्या मजल्यावरची केबिन सोडून
ती त्याच्या चव घेण्याच्या टेबलाशी येऊन बसली.
सहा आठवडे. चमचाभर घोट, मग चूळ.
सुरुवातीला तिला सगळंच कडू लागायचं.
एका बुधवारी तिने मान वर केली,
"हाच ना नोव्हेंबर?"
लिव्हिओ हसला नाही.
खुर्ची थोडी सरकवून तिला जागा दिली, एवढंच.

मग तिने विचारलं,
या एका वर्षी, मार्च ते जून,
एकही पोतं खराब नाही. कसं?
कुणी बोललं नाही.
कप विसळण्याचा आवाज तेवढा मोठा झाला.
आम्हा सगळ्यांना माहीत होतं,
त्या वर्षी बँक दारात उभी होती
आणि वरून निरोप होता, चांगलंच लिहा.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात,
पण शिकाऊ यंत्राला कुठली मूठ कळायला?
ते नव्या पोस्टमनसारखं,
पाकिटावर लिहिलंय तेच घर.

लिव्हिओने चष्मा पुसला.
"सही माझी," म्हणाला, "चव माझी नव्हती."
तिने ती पानं वगळली, कारणही अहवालात लिहिलं.
संचालकांचे कान लाल झाले.
अहवाल मात्र त्यांनी परत पाठवला नाही.

"मग आमचं काय?" झोर्काने विचारलं.
बावीस वर्षांची, घराचा हप्ता नुकता सुरू झालेला.
"माहीत नाही," ओंदिना म्हणाली.
"शुक्रवारी लेखी आणते."
शुक्रवारी आणलं नाही.
त्याच्या पुढच्या शुक्रवारी आणलं, अर्धं पान.
एका वर्षाची हमी. त्यापुढचा कागद कोरा.
तिने तो कोरा भागही वाचून दाखवला.

आमच्याकडे बोरा नावाचा वारा सुटतो,
डोंगरावरून येतो, छत्र्या मोडून समुद्रात टाकतो.
पूर्वी गल्ल्यांच्या कोपऱ्यांवर दोर बांधत,
धरून चालायला.
ओंदिना म्हणाली, तसंच काहीतरी करतोय आपण.
लिव्हिओ म्हणाला,
"बाई, वारा कुणी विकत आणत नाही.
हे आपण विकत आणतोय."
ती गप्प राहिली. बराच वेळ.
दुसऱ्या दिवशी पट्ट्याशेजारी,
हात सहज पोचेल इतक्या उंचीवर,
तिने लाल बटण बसवून घेतलं
आणि भिंतीवर लिहिलं:
दाबणाऱ्याला कारण नंतर विचारायचं.

यंत्र फेब्रुवारीत आलं.
पहिल्या सोमवारी एका लॉटला त्याने हिरवा दिवा दिला.
झोर्काने दाणे तळहातावर घेतले, हुंगले,
आणि बटण दाबलं.

पट्टा थांबला. बाहेर ट्रक खोळंबला,
ड्रायव्हरने शिवी हासडली.
वर तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी उघडली.
झोर्काचा हात अजून बटणावरच होता.
ओंदिना जिना उतरून आली,
शेऱ्याची वही तिच्यासमोर धरली, पेन दिलं.

तिचं बरोबर होतं की यंत्राचं,
ते संध्याकाळपर्यंत कळणार नव्हतं.
तोवर पट्टा थांबलेलाच राहिला.