मधल्या उजेडाची बाहुली

माझ्या कादंबरीतला कास्पर काचेचे डोळे करतो,
असं मी बर्लिनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर बसून
लिहून मोकळी झाले होते,
एकही काचेचा डोळा कधी हातात न धरता.
एकशे दहा पानं. गोटीसारखा गोल डोळा,
आणि तो करताना कास्परच्या गालांवरून ओघळणारे अश्रू.

मग आगगाडी, मग बस, मग लाउशा.
अरुंद दरी, काळ्या पाटीच्या दगडाने मढवलेली घरं,
आणि गेर्नोट आइशहोर्न, ज्यांनी दार उघडताच
आधी माझा उजवा डोळा पाहिला, मग डावा,
आणि मग कुठे मला आत घेतलं.

तळहातावर ठेवलं त्यांनी ते. गोटी नव्हतीच.
शिंपला होता, पातळ, पोकळ,
जोरात श्वास सोडला तर डोलेल इतका हलका.
"गोल कशाला? आत तेवढी जागा कुठे असते?"
इतकंच बोलले, आणि माझी तेरा पानं गेली.

"आणि रडू?"
"रडलो तर ज्योत कशी दिसेल?"
"मग त्या वेळी मनात काय असतं?"
त्यांनी खरंच विचार केला.
"पाठ," म्हणाले. "आणि दुपारचं सूप."

चार दिवस मी स्टुलावर, वही गुडघ्यावर.
दुधी काचेची नळी ज्योतीत फिरते,
फुंकरीने तिला पोट येतं,
पोटावर रंगाचा ठिपका, ठिपक्यात काळा थेंब,
आणि केसाहून बारीक लाल काचेच्या धाग्याने
पांढऱ्यावर शिरा काढायच्या, हात न थांबवता.
हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.
फसलेले डोळे अंड्यांच्या पुठ्ठ्यात ठेवलेले.
माझी एक ओळ त्यांच्याकडे बघून उगाच घाबरली होती;
ती मी खोडली.

गुरुवारी फ्राउ वेडेकिंड आल्या, टपालातून निवृत्त.
दर दोन वर्षांनी यावं लागतं:
खरा डोळा म्हातारा होत जातो,
काचेचा शेजारी तरुणच, लोकांत बरं दिसत नाही.
खिडकीपाशी नेऊन त्यांनी बाईंची हनुवटी उचलली.
"लाली किती घालू?"
"मंगळवार सकाळची," बाई म्हणाल्या.
"शनिवार रात्रीची नको."
दोघंही हसले नाहीत. जुना हिशेब होता तो.

आणि बाहुली.
जिवंत डोळ्याची उन्हात आक्रसते, अंधारात पसरते,
काचेतली मात्र एकदाच ठरवायची, कायमची.
"म्हणून मधल्या उजेडाची करतो," ते म्हणाले.
"ढगाळ दुपार धरायची.
माणसं बहुतेक आयुष्य तिथेच काढतात."
मी मान खाली घालून लिहून घेतलं.
चोरी होती ती, आणि परत करायची नव्हती.

शेवटच्या संध्याकाळी त्यांनीच पानं मागितली.
पेन्सिल कानामागून काढून वाचत राहिले.
काच शिरली की ज्योत पिवळी होते, निळी नाही.
खूण.
ही नळी इतकी जाड नसते. खूण.
डोळा असा पाण्यात बुडवला तर तडकेल. खूण, खूण.
अठ्ठ्याऐंशीव्या पानावर पेन्सिल थांबली.

तिथे कास्परची बायको जाऊन तीन रात्री झाल्या आहेत.
तो एकटाच दुकानात येतो,
तिच्या डोळ्यांचा तपकिरी जमवायला बसतो.
उजाडेपर्यंत अकरा काड्या वितळवतो.
जमत नाही.

त्यांनी चष्मा काढला. गॅस बंद केला.
खोलीतला फुसफुसाट थांबला तेव्हा कळलं
की चार दिवस तो सतत होता.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

कोणीच नाही, मी म्हणाले.
बर्लिनमध्ये, एका रात्री, असंच.

बराच वेळ ते त्या पानाकडे पाहत राहिले;
पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.
मग पेन्सिल पुन्हा कानामागे गेली.

"गॅसची चावी डाव्या हाताला असते," म्हणाले.
"तेवढं बदला."