नवी आवृत्ती

अक्कलकोट रोड एमआयडीसी, गणवेशांचा सीझन.
काल रात्री सॉफ्टवेअर बदललं.
आता ते बाही उलटी फिरवून
कॉलरच्या बगलेत बसवतं,
उरलेला तुकडाही लक्षात ठेवतं, नंबरासकट.

सत्तय्या मास्तर खडू कानामागे खोचून
पडद्याकडे बघत राहिले.
"एक्क्याण्णव टक्के," मी म्हटलं.
"माझे सत्त्याऐंशी," ते म्हणाले,
"चार टक्के पोशव्वाचे होते."

पोशव्वा दर शनिवारी पोतं घेऊन येते,
चिंध्यांच्या वाकळा शिवते.
आज पोत्याच्या तळाशी
सुतळीएवढ्या निळ्या पट्ट्या.
तिनं एक बोटाला गुंडाळून बघितली,
तेलुगूत काहीतरी पुटपुटली. मास्तर हसले.
मग हळूच मला विचारलं,
यात थोडं विसरायचं बटण
कुठं असतं?