कितवं घर

पहिल्यांदा आली तेव्हा मी वेणी घालत होते,
सात पदरांची, कापशी जोडाची.
ती दारात उभी. पांढरी म्हणावी तर राखट,
एका कानाचा तुकडा गेलेला,
आणि पोट असं, जणू कुणी
ओल्या चामड्याची पिशवी खाली बांधलीय.

सुभाषनगरात मांजरांची वाण नाही.
कातड्याच्या वासानं येतात, हाडूक मिळेल म्हणून,
आणि हिरड्याचा, बाभळीच्या सालीचा दर्प नाकात गेला
की शिंकून निघून जातात.
ही शिंकली. गेली नाही.

मी बशीत दूध ठेवलं,
गंगावेशीतलं, म्हशीचं, डोळ्यांदेखत पिळलेलं.
दस्तगीर रिक्षा लावता लावता म्हणाला,
"दूध नको वैनी, पोट सुटंल तिचं.
माशाची डोकी द्या उकडून. मीठ घालू नका."
दुसऱ्या दिवशी त्यानंच आणली, कागदात गुंडाळून.
पैसे द्यायला गेले तर म्हणाला,
"तिच्याकडनं घेतो."

गाभण आहे की व्यालीय
यावर गल्लीत दोन पक्ष पडले.
शकूताई म्हणे, आज-उद्या.
तालमीतला संभा म्हणे, कशाची गाभण,
खाऊन माजलीय नुसती.
ती हात लावू देत नव्हती. मग सांगणार कोण.

शनिवारी पोट उतरलेलं दिसलं.
मला वाटलं, उपाशी राहिली असेल, कुणी हुसकलं असेल.
खोक्यात जुनी साडी घातली,
पाणी ठेवलं, आणि रात्री कुत्र्यांच्या भीतीनं
कारखान्याचं दार बाहेरून लावून घेतलं.

बरं केलं, असं वाटून झोपले.

बारानंतर सुरू झालं ओरडणं.
मांजराचं नव्हेच ते. लाकडात खिळा उपटावा तसं.
हे म्हणाले, "उंदीर दिसला असंल," आणि घोरायला लागले.
मी कूस बदलली.

मग आठवलं. डोक्याच्या आधी छातीला आठवलं.
प्रणोती तीन महिन्यांची,
तिला शकूताईच्या मांडीवर ठेवून
मी महाद्वार रोडला माल पोचवायला गेलेले.
दुकानदार हिशेबाला बसला. एक तास, दोन तास,
जोड मोजतोय, परत मोजतोय,
आणि माझा ब्लाऊज पुढून भिजत गेला.
मी पदर घट्ट ओढला.
तो म्हणाला, उकडतंय काय?
मी म्हणाले, व्हय.

अनवाणी गेले, मोबाईलच्या बॅटरीवर कडी काढली.
ती माझ्या पायावरून गेली,
तेवढ्या उजेडात दिसलं:
सडांभोवतीचे केस झिजलेले, गोल गोल,
कातडी गुलाबी, ओली.
आगलाव्यांच्या पत्र्यावर चार पावलं वाजली,
मग काही नाही.

तीन दिवस आली नाही.
डोकी उकडायची, निववायची, कुत्र्यांना टाकायची.
दस्तगीरनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही
की दार मीच लावलं होतं.

चौथ्या दिवशी आरी शोधायला गेले, तर कोपऱ्यात
काहीतरी उंदराएवढं हललं.
साडीच्या खोक्यात नाही, बरं का.
ती घडी तिनं हुंगलीसुद्धा नव्हती.
वाद्या कापून उरलेल्या कातरणात, पुण्याच्या जोडाशेजारी.
दुपारी दुसरं घेऊन आली, मानेला धरून,
माझ्याकडे न बघता.

म्हणतात, मांजर सात घरं फिरवतं पिल्लं.
बाई, हे तुझं कितवं?
आणि मधल्या कुठल्या घरी
अशीच कोणी भली बाई भेटली होती का,
कडी लावणारी?

दाराला आता वीट लावून ठेवलीय. मिटत नाही.

संध्याकाळी पुण्याचा व्यापारी फोनवर:
"वीस जोड कुठं अडकले, ताई?"
म्हटलं, कातडं ओलं आहे अजून, चार दिवस थांबा.
खोटं बोलले. कातडं वाळून खडखडीत झालंय.
त्यावर दोघं झोपलीत, डोळे न उघडलेली,
आणि तिसरं असेल तर
ती आणायला गेलीय.