उलटा पंखा

झोल्बू आला तेव्हा उलानबातारमध्ये
उणे एकतीस होतं.
पापण्यांवर बर्फाची भुकटी, आणि काखेत कम्प्युटर,
तान्हं मूल आणावं तसा ब्लँकेटात गुंडाळलेला.
"ताई, खेळ ऐन रंगात आला की मरतो हा."
म्हटलं, आधी ऊब येऊ दे त्याला.
थंडीतून आलेल्या यंत्राला आत घाम फुटतो,
ओल्या अंगाला वीज दिली तर संपलंच.
तासभर आम्ही मिठाचा चहा पीत बसलो,
यंत्राकडे बघत.

मग चालू केला.
सात मिनिटांत चौऱ्याण्णव अंश.
बाहेर नाकातला श्वास गोठतोय
आणि या दीड हाताच्या पेटीत वैशाख पेटलेला.

सात पंखे बसवले होते पठ्ठ्याने.
सातही रंगीत, सातही जोरात,
आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं.
पुढचे तिघे आत ओढताहेत, मागचाही आतच,
वरचे दोघे वरून खाली दामटताहेत,
तळाचा एकटा काय ते बाहेर टाकतोय.
गरम हवा बिचारी लग्नघरातल्या पाहुण्यासारखी,
बसायला जागा नाही, निघायला दार सापडत नाही.
समोर अखंड काच. दिसायला देखणी.
काचेला नाक लावून कोण जगलंय?

पंख्याच्या कडेवर एक बारीक बाण कोरलेला असतो.
वारा कुठे जाणार ते सांगणारा.
कुणी बघत नाही.

चिमूटभर जुनिपरचा धूप पेटवला, देवासाठी नव्हे,
आणि धूर पेटीच्या तोंडाशी धरला.
आत गेला. गोंधळला.
कार्डाच्या पोटाखाली गोल गोल फिरला
आणि गेल्या वाटेनं परत आला.
झोल्बू गप्प.
धुराशी वाद घालता येत नाही.

माळावर, आमच्या गेरमध्ये,
उन्हाळ्यात आई नमद्याचा काठ हातभर वर दुमडायची,
छताचा डोळा उघडायची.
बस्स.
खालून गवताचा वास आत यायचा,
वरून चुलीचा, माणसांचा, भांडणांचा उकाडा निघून जायचा.
पंखा कुठे होता?
वाट होती.

दोन पंखे काढून झोल्बूच्या हातात दिले.
त्याचा चेहरा उतरला, पैसे मोजून घेतलेले.
दोन उलटे केले.
काच दोन बोटं पुढे सरकवली.
वायरींचं जंजाळ पाठीमागच्या भिंतीला बांधलं.
वाळून खडू झालेली पेस्ट खरवडली,
नवी, वाटाण्याएवढी.

शेवटी जाळी काढली.
काळी. बोटाला चिकटणारी.
ही घरातली धूळ नव्हे, ही कोळशाची.
हीच माझ्या सोलोंगोच्या छातीत
रात्री घरघरते.
चारी बाजूंना डोंगर, वर गार हवेचं झाकण,
खाली चुलीमागून चूल,
चुलीशी माणसं, आणि त्यांनाही थंडी वाजतेच.
सगळे आत ओढताहेत.
या शहराचा मागचा पंखा
कुणी बसवलाच नाही.

हे मी त्याला म्हटलं नाही.
गिऱ्हाईक होतं ते.

पुन्हा धूप. या वेळी धूर
पुढून शिरला, कार्डावरून सरळ गेला,
मागून बाहेर, जणू कुणी बोट धरून नेला.
अडुसष्ट अंश. अर्धा तास खेळूनही अडुसष्ट.
"आवाजपण कमी झाला," झोल्बू म्हणाला.
मग जरा घाबरत, "दिवे?"
लाव की. दिव्यांनी वारा अडत नाही.

तो गेला, ब्लँकेट, काख, जिना.
जाळी मी तीनदा धुऊन दिली होती;
बादलीतलं पाणी मात्र अजून
शाईसारखं उभं.

दुकानात धूप कोंडला होता.
तो बाहेर जावा म्हणून
दार उघडलं.

बाहेरचा आत आला.