वुओत्सो ते इवालो, पंचाहत्तर किलोमीटर

वेइक्का, या गाडीच्या चाव्या, आणि हे पाकीट.
आत पैसे नाहीत, पुस्तकांची यादी आहे,
रक्ततपासणीच्या चिठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलेली.
ऐकायची पुस्तकं. सगळी खऱ्याची.
कादंबरी लावू नकोस या रस्त्यावर.
नायिका रडायला लागली की पाय नकळत जड पडतो,
आणि रेनडियरांना कथानकाशी देणंघेणं नसतं.

सुरुवात मिठापासून कर.
सतरा तासांचं आहे. वाचणारा म्हातारा, घशात खरखर,
पण खाणीत जन्मून खाणीतच मेलेल्या घोड्यांपाशी
तो जरा थांबतो,
तेव्हा आपणही गिअरवर हात ठेवून थांबतो.
टांकावारा येईपर्यंत
डब्यातल्या खारवलेल्या माशाची तुला लाज वाटू लागेल.

डिसेंबरात मधमाश्यांचं.
सूर्य रजेवर, दुपारी बाराला आभाळ
जेमतेम निळसर, मार लागल्यानंतर चौथ्या दिवशी
गुडघा असतो तसं.
अशात कुणीतरी तुला सावकाश सांगत राहतं
की हिवाळाभर पोळ्यात माश्या
एकमेकींना बिलगून थरथरत असतात, ऊब राहावी म्हणून.
त्या दिवशी काकस्लाउत्तानेनच्या वळणावर
मी हीटर थोडा कमी केला. उगाच.

पुलांचं पुस्तक चांगलं आहे, पण पुलावर नको.
झोपेवरचं रात्रपाळीनंतर चुकूनही नको.
त्यातली बाई इतकी मऊ बोलते
की मी जागी झाले ती सारिसेल्क्याच्या पेट्रोल पंपावर,
इंजिन चालू, तिचा आठवा अध्याय संपत आलेला,
आणि तिथवर गाडी कुणी आणली ते मला आजही ठाऊक नाही.
तेव्हापासून कानाला खडा.

काहीजण दीडपट वेगाने ऐकतात. माझा भाचा योर्मा त्यातला.
वर्षाला शंभर पुस्तकं, म्हणतो.
विचारलं, मिठाच्या पुस्तकात काय होतं रे?
म्हणे, मीठ.

एक पुस्तक मी यादीत लिहून खोडलंय. खोडाखोड दिसेल.
कानाबद्दलचं होतं ते.
लानिला ओलांडलं होतं, फेब्रुवारी, उणे एकतीस.
निवेदिका सांगत होती की माणूस जाताना
डोळे जातात, जीभ जाते, कान मात्र
पाहुणे गेल्यावर दारात उभ्या यजमानासारखे
शेवटपर्यंत थांबतात.
तेवढ्यात रोवानिएमीच्या हॉस्पिटलातून फोन आला. ताइस्तोचा.
म्हणजे ताइस्तोबद्दलचा.

गाडी वळवली. पुढे अडीचशे किलोमीटर.
नर्सला म्हटलं, फोन त्याच्या कानाशी धरशील का?
तिने धरला.
आणि मला काही सुचेना.
बत्तीस वर्षांत आम्ही प्रेमाबद्दल बोललो नव्हतो,
आता कुठून सुरुवात करणार?
मग रस्ता सांगू लागले. आता वळण.
आता पाटी, नऊ किलोमीटर, वर बर्फ बसलाय.
डावीकडे कोल्हा, नाही, दगड.
समोरून लाकडाचा ट्रक, पहिल्यांदा त्याने दिवे उतरवले,
भला माणूस. आता आपलं घर आलं, ताइस्तो,
ओसरीचा दिवा मी पुन्हा चालूच ठेवलाय,
तू असतास तर बोलला असतास.

वुओत्सोच्या पुढे रेंज जाते.
तो तलावापाशी उतार आहे ना, तिथे.

त्या पुस्तकाचे सहा तास राहिलेत. तुला हवं तर ऐक.
आणि त्या निवेदिकेचं म्हणणं खरं होतं की नाही,
तळटिपांत काही दिलं असेल तर
मला मात्र सांगू नकोस.

फावडं डिकीत आहे.
डाव्या बाजूचा स्पीकर घरघरतो, एक बुक्की मारावी लागते.
मॉसचं पुस्तक वसंतात लाव, त्याआधी कंटाळवाणं वाटेल.