वाटीएवढा सूर्य

उदगीरच्या कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमागे,
जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे.
त्यात चौतीस वर्षांचे सूर्य आहेत,
हजेरीच्या जुन्या रजिस्टरांत, पेन्सिलनं काढलेले,
सगळे एकाच मापाचे,
कारण हुडेमामा पितळी वाटी पालथी घालून वर्तुळ काढायचे.

बसलिंगप्पा हुडे. प्रयोगशाळा परिचर. नववी नापास.
ऐंशीच्या ग्रहणाला आणलेली दुर्बीण
ग्रहण सुटल्यावर कुणालाच नको होती.
ते रोज नऊला ती गच्चीवर न्यायचे.
डोळा कधीच लावला नाही,
कागदावर उतरवायचे ऊन
आणि उन्हातले डाग टिपायचे :
आधी ठळक, मग बारके,
मग अगदी कडेला गेलेले,
उद्या नसणारे.

मी पहिल्या वर्षाला. विचारलं, मामा, कामून काढता?
म्हणाले, रोज येतो की तो.
कुणीतरी हजेरी घ्यावी.

डाळमिलवाले यायचे, पाऊस सांगा, तुरीचा भाव सांगा.
मामा म्हणायचे, आज डाग अकरा.
पुढचं तुमचं तुम्ही बघा.

नव्वदची पानं
काणी पडलेल्या कणसासारखी.
शहाण्णवची मोकळी.
दोन हजारला पुन्हा कागद काळा.
पहिलीत घातलेली पोर अकरावीत जाते,
तेवढ्यात एक फेरा.
डाग काळा नसतो, म्हणायचे,
तो बी जळतच असतो,
शेजारी उजेड जास्त, म्हणून दिसतो तसा.

दोन हजार आठला आठवडेच्या आठवडे नुसती वर्तुळं.
खाली तारीख, वेळ आणि शून्य.
शून्य बी बघूनच लिहायचं असतं, लेकरा.

तीस सप्टेंबर त्र्याण्णव.
साऱ्या रजिस्टरांत हे एकच वर्तुळ वाकडं.
डाग चार.
शेऱ्याचा रकाना कोरा.
किल्लारीला त्यांची बहीण दिली होती.

मग चौदा सालचा एप्रिल.
वर्तुळाच्या मधोमध एक डाग,
मोठा, मऊ कडांचा.
डाग सरकतात.
सूर्य फिरतो तसे एका कडेनं येतात,
तेराव्या-चौदाव्या दिवशी दुसऱ्या कडेआड जातात.
हा सरकेना.
बाकीचे त्याला वळसा घालून निघून गेले,
थांब्यावर न थांबणाऱ्या एस.टी.सारखे.
दहाव्या दिवशी मामांनी पेन्सिल ठेवली.
कागदाकडे पाहिलं, मग टाकीकडे,
लांब किल्ल्याच्या बुरुजाकडे,
मग माझ्याकडे.
म्हणाले, तुझ्या नाकावर बी हाय.

खोडरबर मागितलं नाही.
दहाही पानांवर त्या डागाभोवती गोल केला
आणि शेऱ्यात दहा वेळा लिहिलं :
हा सूर्याचा नाही. माझा.

गाव म्हणालं, सूर्यानं डोळे खाल्ले.
लातूरचे डॉक्टर म्हणाले, वय.
मामांना डॉक्टरांचं पटलं,
गावाला अजून नाही.

आता वर्तुळं मी काढते. वाटी तीच.
लॅबमधली नोकरीही तीच,
फक्त पदाचं नाव बदललंय.
ते सुट्टीच्या दिवशी जिना चढून येतात, भिंत धरून,
आणि तोंड उन्हाकडे करून बसतात.
एकोणीसला रोज विचारायचे, किती?
मी म्हणायची, शून्य.
नीट बघितलीस का, नुसरत?
मी पुन्हा बघायची.

चोवीसचा मे. पारा त्रेचाळीसवर.
कागदावर एवढे डाग की मोजताना दोनदा चुकले.
मामा म्हणाले, सगळ्यात मोठा दाखव.
मी त्यांचा अंगठा धरला, ठेवला त्याच्यावर.
बराच वेळ ठेवला त्यांनी.
उचलला तेव्हा शिसं पसरलं होतं,
आणि घाम.

त्या पानाच्या शेऱ्यात लिहिलंय :
डावीकडचा धब्बा अंगठ्याचा आहे.
मोजणीत धरू नये.